फक्त ४ षटकं टाकणाऱ्या मुलाची कंबर का दुखते? वेगवान गोलंदाज आणि मणक्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर

१ मे २०२२ रोजी गहुंजेच्या स्टेडियमवर चेन्नई सुपर किंग्ज आणि सनरायझर्स हैदराबाद यांचा आयपीएल सामना झाला. महाराष्ट्राच्या संघाकडून खेळणारा डावखुरा वेगवान गोलंदाज मुकेश चौधरी याने त्या दिवशी ४ षटकांत ४६ धावा देऊन ४ बळी घेतले. त्या हंगामात त्याने १३ सामन्यांत १६ बळी मिळवले. चेन्नईने त्याला २० लाखांना घेतलं होतं. त्या मानाने ही कमाई मोठीच. पण २०२३ चा हंगाम सुरू झाला तेव्हा तो संघात नव्हता. कमरेच्या मणक्याच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे त्याला पूर्ण हंगामाला मुकावं लागलं आणि त्याच्या जागी आकाश सिंग हा दुसरा डावखुरा गोलंदाज घेतला गेला.

माण, हिंजवडी, मारुंजी, नेरे या भागात आता क्रिकेट अकॅडमी बऱ्याच झाल्या आहेत. २०२३ पासून गहुंजेला महाराष्ट्र प्रीमियर लीगही सुरू झाली, त्यामुळे 'आपला मुलगाही तिथे खेळेल' हे स्वप्न घरापासून अर्ध्या तासावर आलं आहे. मुलगा उंच असेल, पळायला चपळ असेल तर त्याला हमखास वेगवान गोलंदाज केलं जातं. आणि मग १४ ते १८ या वयात कधीतरी तो आईबरोबर दवाखान्यात येतो. तक्रार एकच, 'कमरेत उसण भरली आहे, आठ-पंधरा दिवस झाले, जात नाही.'

पालकांचा प्रश्नही ठरलेला असतो. 'डॉक्टर, हा टी-ट्वेंटीच खेळतो. फक्त ४ षटकं टाकतो. २४ चेंडूंनी कुणाची कंबर मोडते का?'

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

एक चेंडू टाकताना शरीरात काय होतं?

वेगवान गोलंदाज धावत येतो, उडी मारतो आणि पुढचा पाय क्रीजवर जोरात आपटून शरीराला एकदम ब्रेक लावतो. हा पाय टेकतो त्या क्षणी जमिनीकडून शरीरावर येणारा जोर त्याच्या वजनाच्या साधारण ५ पट, कधी त्याहूनही जास्त असतो. मुलगा ६० किलोचा असेल तर तो ३०० किलोंच्या घरात जातो. नेमक्या त्याच वेळी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि वळत असलेली असते. पायातून वर आलेला हा धक्का कमरेच्या सर्वांत खालच्या मणक्यांवर, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मणक्यावर येऊन थांबतो.

प्रत्येक मणक्याच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना हाडाचा एक अरुंद पूल असतो. डॉक्टरी भाषेत त्याला पार्स म्हणतात. कंबर मागे वाकवून वळवली की हा पूल वरच्या आणि खालच्या सांध्यांच्या कात्रीत सापडतो. एकदा सापडल्याने काही होत नाही. पण लोखंडी तार हाताने तुटत नाही, तीच पुन्हा पुन्हा त्याच जागी वाकवली की तुटते. इथे तसंच होतं. म्हणूनच ही चीर बहुतेक वेळा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला पडते: उजव्या हाताने टाकणाऱ्याची डावीकडे, डावखुऱ्याची उजवीकडे.

हाड मात्र तारेसारखं निर्जीव नाही. ताण पडला की ते स्वतःला दुरुस्त करतं आणि आधीपेक्षा मजबूत होतं. या दुरुस्तीत आधी जुनं, थकलेलं हाड काढून टाकलं जातं आणि मग नवीन भरलं जातं. रस्त्याची डागडुजी करताना आधी खड्डा मोठा करतात, तसं. त्यामुळे मधले काही आठवडे ते हाड आधीपेक्षाही कमजोर असतं. त्या काळात भार कमी असेल तर हाड पक्कं होतं. भार अचानक वाढला तर आधी हाडात सूज येते, मग बारीक चीर पडते आणि तरीही खेळत राहिलं तर पूल पूर्ण तुटतो. कमरेचे मणके विशीच्या मध्यापर्यंत पक्के होत असतात. म्हणजे ज्या वयात गोलंदाजाला निवड समितीसमोर सगळा वेग दाखवायचा असतो, त्याच वयात त्याची कंबर सर्वांत कच्ची असते.

'फक्त ४ षटकं' हा हिशेब कुठे चुकतो?

स्कोअरकार्डवर ४ षटकं दिसतात, कंबर मात्र सगळे चेंडू मोजते. असा मुलगा समोर बसला की मी कागद घेतो आणि त्यालाच आठवडा लिहायला सांगतो. साधारण असं चित्र निघतं: सोमवार, बुधवार, शुक्रवार नेट्समध्ये रोज ६० चेंडू, म्हणजे १८० झाले. शनिवारी अकॅडमीच्या सामन्यात ८ षटकं, म्हणजे ४८. रविवारी गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत दोन सामने, प्रत्येकी २ षटकं, म्हणजे आणखी २४. बेरीज २५२. सामन्याआधी वॉर्मअपला टाकलेले, घरासमोर भावाला टाकलेले चेंडू यात धरलेले नाहीत. टेनिस बॉल हलका असतो हे खरं, पण तो हाताला हलका. पाय तेवढ्याच जोरात आपटतो, तोही बऱ्याचदा कडक मुरमाच्या मैदानावर आणि साध्या बुटांत.

तरीही २५२ हा आकडा काही फार भयंकर नाही. सवय असलेला, हळूहळू तिथवर आलेला मुलगा तो सहन करू शकतो. घात होतो तो अचानक वाढीने. आपल्याकडे ही वाढ अगदी वेळापत्रक लावून येते. दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी जानेवारीपासून खेळ बंद. परीक्षा संपली की एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिर, सकाळ-संध्याकाळ. रोज १०० चेंडू, आठवड्यातून सहा दिवस. म्हणजे शून्यावरून एकदम ६००. त्यातच मे महिन्यात ट्रायल असतात आणि जत्रा-उरुसांच्या स्पर्धाही. मग जूनमध्ये, शाळा-कॉलेज उघडताना कंबर दुखायला लागते आणि घरचे म्हणतात, 'आता तर तो खेळतही नाही एवढा!'

क्रिकेटपटूंवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसतं. या आठवड्याचा भार मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या दुपटीवर गेला की दुखापतीचा धोका बराच वाढतो, आणि दुखणं बहुधा लगेच नाही, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी वर येतं. टी-ट्वेंटीची खरी अडचण इथे आहे. या प्रकारात गोलंदाजाला आठवडेच्या आठवडे थोडंच काम असतं, पण प्रत्येक चेंडू पूर्ण जोर लावून टाकायचा असतो: यॉर्कर, बाउन्सर, मध्येच स्लोअर. दिवसभर लय धरून टाकण्याची सवय हाडांना होत नाही. मग मध्येच एकदिवसीय किंवा तीन दिवसांचा सामना आला, की कमी भाराला सरावलेलं हाड एकदम जास्त भाराखाली येतं.

ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स हे याचं बोलकं उदाहरण. नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला, १८ व्या वर्षी, त्याने पहिल्याच कसोटीत ७ बळी घेतले. दुसरी कसोटी खेळायला मार्च २०१७ उजाडला, तीही आपल्याकडे रांचीत. मधल्या पाच वर्षांत तो एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी खेळत होता, पण पाठीच्या हाडाची दुखापत पुन्हा पुन्हा डोकं वर काढत होती. जसप्रीत बुमराला २०१९ मध्ये कमरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. पाठीच्याच त्रासामुळे २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला, मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध तो परतला. पुढच्याच वर्षीच्या टी-ट्वेंटी विश्वचषकात तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मुकेश चौधरीही २०२४ च्या आयपीएलमध्ये पुन्हा दिसला. ही नावं मी दवाखान्यात मुद्दाम घेतो, कारण 'हाडाला चीर' हे शब्द ऐकताच १६ वर्षांच्या मुलाला आपलं सगळं संपलं असं वाटतं. संपत नाही, पण वेळ जातो, आणि तो वेळ द्यावाच लागतो.

उसण आणि स्ट्रेस फ्रॅक्चर यांत फरक कसा करायचा?

स्नायूची दुखापत बहुधा एका क्षणी होते. शार्दूल ठाकूर आठवा, पालघरचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला कसोटी पदार्पणात १० चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावून बाहेर गेला. श्रीरामपूरचा झहीर खान २०११ मध्ये लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी मांडीचा मागचा स्नायू धरून मैदान सोडून गेला. 'या चेंडूला झालं' असं अशा वेळी सांगता येतं. साधी उसणही तशीच: वाकताना, वजन उचलताना भरते, तीन-चार दिवस छळते आणि आठवडाभरात बरीच उतरते.

हाडाचं दुखणं चोरपावलांनी येतं. नेमका दिवस सांगता येत नाही. आधी फक्त गोलंदाजीनंतर दुखतं, मग गोलंदाजी करताना, मग धावताना आणि शेवटी नुसतं उभं राहिलं तरी. बहुतेक वेळा ते कमरेच्या एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल इतक्या छोट्या जागेत असतं. पुढे वाकल्यावर फारसं त्रासत नाही, मागे वाकल्यावर कळ येते. विश्रांती घेतली की चार-पाच दिवसांत बरं वाटतं, आणि इथेच फसगत होते. मुलगा पुन्हा टाकायला जातो, तिसऱ्या षटकात परत तेच.

आम्ही तपासताना मुलाला एका पायावर उभं करून मागे वाकायला सांगतो. त्या बाजूला दुखलं तर संशय वाढतो. पण या चाचणीवर निदान होत नाही आणि ती चांगली आली म्हणून चीर नाही, असंही नाही. त्यामुळे घरी करून निर्धास्त होऊ नका. माझा नियम सरळ आहे: वाढत्या वयाचा वेगवान गोलंदाज, कमरेच्या एका बाजूला दुखणं, दोन आठवड्यांहून जास्त दिवस. या तीन गोष्टी जुळल्या की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते स्ट्रेस फ्रॅक्चर धरायचं आणि गोलंदाजी त्या दिवसापासून बंद.

पाय बधिर होणं, पायातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं: यांतलं काहीही असेल तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी दाखवा.

एक्स-रे नॉर्मल आला, मग?

तरी खात्री होत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात हाडात फक्त सूज असते. ती एक्स-रेमध्ये दिसत नाही, आणि बारीक चीरही बऱ्याचदा दिसत नाही. 'फोटो काढला, काही नाही आलं' म्हणून खेळत राहिलेली मुलं दोन-तीन महिन्यांनी पूर्ण तुटलेला पूल घेऊन येतात. एमआरआयमध्ये ही सूज चीर पडण्याआधीच दिसते, म्हणून खरी उपयोगाची तपासणी तीच. सीटी स्कॅनमध्ये चीर किती खोल आहे ते छान कळतं, पण त्यात किरणोत्सर्ग असतो, त्यामुळे लहान वयात तो गरजेपुरताच.

एमआरआय महाग असतो हे मला माहीत आहे. चाकणच्या कंपनीत कंत्राटी काम करणाऱ्या बापाला तो खर्च जड जातो. महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत दर कमी असतात. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सवलतीची तरतूद आहे, तिथल्या समाजसेवकाला भेटून चौकशी करा. आणि लगेच जमणार नसेल तर निदान गोलंदाजी थांबवा. ते फुकट आहे आणि उपचाराचा सगळ्यात मोठा भाग तोच आहे.

रिपोर्ट हातात आला की बरेच जण विचारतात, 'म्हणजे मणक्यात गॅप आलाय का?' नाही. आपण ज्याला 'गॅप' किंवा 'चकती सरकली' म्हणतो ते दुखणं वेगळं. इथे मणक्याच्या मागच्या हाडाला चीर असते. मात्र दोन्ही बाजूंचे पूल तुटले तर मणका थोडा पुढे सरकू शकतो, म्हणून वेळीच थांबायचं.

उपचार

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. नुसती सूज असेल तर दीड ते तीन महिने, चीर असेल तर सहा महिने किंवा जास्तही गोलंदाजीपासून दूर राहावं लागतं. याचा अर्थ अंथरुणाला खिळणं नाही. शाळा-कॉलेज, चालणं, रोजची कामं सुरू ठेवायची. दुखणं थांबलं की अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्याने पोट, पाठ, कुल्हे आणि मांड्यांचे व्यायाम सुरू होतात. लवकर सापडलेली चीर बहुतेक वेळा भरून येते. उशिरा सापडलेली काही वेळा कधीच भरत नाही. तरीही त्यांतले बरेच जण पुढे न दुखता खेळतात, पण ते नशिबावर सोडण्यासारखं नाही.

मालिश करून, चोळून, 'नस बसवून' चीर भरत नाही. कंबर मोडून 'कट्' असा आवाज काढून देणाऱ्यांकडे तर या दुखण्यात अजिबात जाऊ नका. पट्टा बांधून गोलंदाजी करणं म्हणजे हेल्मेट घालून सिग्नल तोडणं.

वेदनाशामक गोळीबद्दल थोडं कठोर बोलतो. घरी बसून दुखतंय म्हणून डॉक्टरांनी दोन दिवस गोळी दिली, ठीक. पण उद्या फायनल आहे, एक इंजेक्शन द्या, ही मागणी मी मान्य करत नाही. दुखणं हा कमरेचा एकमेव भोंगा आहे. तो बंद करून त्याच हाडावर पुन्हा ३०० किलो आपटायचे, याला उपचार म्हणत नाहीत. शिवाय उन्हात, पाणी कमी पिऊन खेळताना या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडांनाही त्रास देतात.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाड भरायला वेळ लागतो, म्हणून त्याची रक्ततपासणी करतो. ६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेणारे, कुणाच्या तरी सांगण्यावरून वर्षभर घेणारे मी पाहतो, आणि ते धोक्याचं आहे. आहारात दूध, दही, नाचणीची भाकरी, शेंगदाणे, डाळी, चालत असतील तर अंडी. पोट आत जावं म्हणून एक वेळ जेवण सोडणाऱ्या मुलांची हाडं लवकर थकतात, हे अकॅडमीतल्या मुलींच्या बाबतीत तर विशेष लक्षात ठेवा. पाळी अनियमित झाली तर डॉक्टरांना जरूर सांगा. आणि झोप: आठ तासांहून कमी नको. रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि सकाळी सहाला नेट्स, हे जमत नाही.

परत गोलंदाजी सुरू करताना

दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं असं नाही. तारीख तज्ज्ञांनी ठरवायची. सुरुवात साधारण अशी असते: आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, एका दिवसाआड, १२ चेंडू, छोटा रनअप, निम्मा जोर. दर आठवड्याला थोडेच चेंडू वाढवायचे आणि वेग सर्वांत शेवटी. पूर्ण रनअपने सामना खेळायला यातून दोन-तीन महिने सहज जातात. याच काळात प्रशिक्षकाकडून ॲक्शन तपासून घ्या. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला अशी मिश्र ॲक्शन मणक्याला सर्वांत महागात पडते.

चेंडूंची मर्यादा हवी असेल तर इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने मुलांसाठी अनेक वर्षं वापरलेली नियमावली सोपी आहे: १३ वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाला सलग ५ आणि दिवसभरात १० षटकं, १४-१५ व्या वर्षी सलग ६ आणि दिवसभरात १२. ही वरची मर्यादा आहे, रोजचं लक्ष्य नव्हे. आपल्या उन्हात आणि आपल्या मैदानांवर मी त्याहून कमीच सांगतो.

नोकरी करणारे, शनिवार-रविवारी कंपनीच्या लीगमध्ये धावत येऊन टाकणारे पस्तीस-चाळिशीतले वाचकही असतील. तुमचं हाड पक्कं आहे, पण आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम पूर्ण वेग काढलात तर मांडी आणि पोटरीचे स्नायू आधी जातील. आणि खेळताना छातीत दाब, धाप किंवा डाव्या हातात कळ आली तर ते गॅसेसवर ढकलू नका. षटक सोडा आणि थेट रुग्णालय गाठा.

मुलाला दाखवायला आणताना मागच्या आठ आठवड्यांत रोज किती चेंडू टाकले ते आठवून वहीत लिहून आणा: नेट्स, सामने, टेनिस बॉल, सगळे. दुखणारी जागा त्यालाच दाखवू द्या. आईवडील 'तो सांगत नाही, खूप दुखतं त्याला' किंवा 'एवढं काही नाही' असं मध्ये बोलले की खरं दुखणं झाकलं जातं. जुने एक्स-रे, घेतलेल्या गोळ्यांची पानं बरोबर असू द्या. आणि पुढची ट्रायल किंवा स्पर्धा कधी आहे ती तारीख आमच्यापासून लपवू नका. ती कळली तर तिला जाता येईल का, आणि नाही तर कोणत्या तारखेची तयारी करायची, हे मुलाला समोर बसवून ठरवता येतं.